एक हात कमी

रामूचा ताप उतरेना तेव्हा नवसीनं थोरल्या लेकाला सांगितलं, "देवू, गोमा भगताला बोलव. आन चिंत्यालाबी सांगावा धाड." कुडापलीकडे भात कांडत बसलेल्या जिवलीचा हात तिथंच थांबला. आता हे आपल्यापर्यंत येणार, हे तिला कळून चुकलं.

बेटेगावच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून असलेल्या त्या पाड्यावर नवसीचं घर सगळ्यात लांब. मध्ये कुडाची भिंत. अलीकडे सासू नवसी, थोरला देवू, त्याची बायको बुधी आणि नवसा-सायासानं झालेला त्यांचा एकुलता रामू. पलीकडे धाकटा चिंतू आणि त्याची बायको जिवली. नवसीच्या बाजूला कोपऱ्यात मोरपिसांचा जुडगा उभा असे. तो घरातला हिरवा देव. चिंतूच्या बाजूचा कोपरा रिकामा. नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी चिंतूनं आपल्या वाट्याचं देवाचं सगळं उचलून आईच्या स्वाधीन केलं होतं. नवसी भांडली नव्हती. "ठेव," एवढंच म्हणाली होती. "तुमी परत याल तवा लागंल."

मागल्या पावसाळ्यात म्हातारीला वाटलं, आली ती वेळ. जिवलीची लेक सारा घशाला सूज येऊन तीन दिवसांत गेली. मिशनच्या दवाखान्यात नेली, सुई टोचली, उपासना घेणारे चंद्रभान मास्तर रात्रभर उशाशी गुडघे टेकून बसले, तरी गेली. पाड्याच्या मसणवटीत जागा मिळाली नाही म्हणून ओढ्यापलीकडे खड्डा खणला. चिंतू त्या खड्ड्याशी उभा राहून गाणं म्हणाला. आवाज जराही हलला नाही. बघायला आलेली माणसंसुद्धा म्हणाली, काय छाती आहे गड्याची!

जिवलीच्या तोंडून मात्र त्या दिवशी शब्द फुटला नव्हता, आणि त्यानंतर तिची प्रार्थनाच बंद झाली होती. रविवारी ती उपासनेला जाई, चटईवर बसे. सगळे डोळे मिटत तेव्हा तिचे उघडेच राहत. समोरच्या भिंतीवरच्या पालीकडे ती बघत राही. देवाशी ती भांडली नव्हती. नुसती बोलेनाशी झाली होती, जशी एका घरात राहून माणसं बोलेनाशी होतात.

*

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिंतू आला. तारापूरच्या किनाऱ्यावर विजेच्या मोठ्या कारखान्याचं काम चाललं होतं, तिथं तो दगड वाहायला जाई आणि आठवड्यानं घरी येई. अंगावर सिमेंटची भुकटी तशीच होती. आल्या आल्या तो कुडापलीकडे गेला आणि रामूच्या अंगाला हात लावून झटकन मागं सरला.

"दादा, हा तर भाजतोय. बोयसरला का नाय नेला?"

"तुझी सारा नेली व्हती ना?" देवू म्हणाला. टोचून नव्हे, खरोखरच विचारल्यासारखं.

गोमा भगत सुपात तांदूळ घेऊन बसला होता. वय झालेला, बारीक आवाजाचा माणूस. त्यानं दाणे सुपावर सोडले, बोटानं दोन-दोन करून वेगळे केले, पुन्हा सोडले. घरात फक्त रामूच्या श्वासाची घरघर होती. बराच वेळ गेल्यावर गोमा म्हणाला, "हिरवा मागतोय. बोकड द्या. पर एका चुलीचा नको म्हणतो. ह्या घरातल्या सगळ्यांनी दोरीला हात लावायचा, मंग बोकड द्यायचा."

"सगळ्यांनी म्हंजे?" देवूनं विचारलं.

"सगळ्यांनी. एक हात कमी नको."

कुणी कुणाकडे बघितलं नाही, पण जिवलीला सगळ्यांची नजर आपल्या कातड्यावर जाणवली.

गोमा सूप उचलून उठला. दाराशी थांबून देवूला म्हणाला, "मी दाणं वाचतो, देवू. पोराला वाचवणं माझ्या हातात नाय. डाक्तरकडं न्यायचा तर न्या, माझी ना नाय."

"आधी देवाचं होऊ दे," नवसी म्हणाली. "एवढ्या तापात त्याला वाटंवर घालायचा न्हाय."

*

संध्याकाळी अंगणात बोकड बांधून झाला. जिवली चुलीशी बसली होती. चिंतू आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तो नाही म्हणून आला असेल, आता ओरड होईल, या विचारानं तिनं मन घट्ट केलं होतं. माणसं म्हणत त्याप्रमाणे तो खडक होता आणि ती त्याच्या सावलीला बसलेली बाई.

"मी हात लावतोय," चिंतू म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दोरीच तर हाय, जिवले. मी काय हिरव्याच्या पाया पडतोय का? प्रभूला माझं मन ठावं हाय."

"मास्तर काय म्हणतील?"

"मास्तर पालघरला हाय. पोर इथं हाय." तो भिंतीपासून पुढं आला. "बा मेला तवा मी केवढा व्हतो? दादानं मला पाठीवर बांधून भाताची लावणी केली. आपण उपाशी राह्यला, मला घातलं. आज त्यानं पयल्यांदा माझ्याकडं काय मागितलं, आन मी नाय म्हणू? रामू गेला तर जन्मभर तो माझ्याकडं बघंल ना, ते मला नाय सोसायचं."

जिवली काटक्या चुलीत सारत राहिली. त्याचं म्हणणं तिला कळत होतं. कळत होतं म्हणूनच काळजात कळ उठत होती.

"मंग लाव तू," ती म्हणाली.

"तुलाबी लावावा लागंल. एक हात कमी नको म्हणला गोमा."

"मी नाय लावणार."

चिंतू बघतच राहिला. मग सावकाश, दबक्या आवाजात म्हणाला, "तू? सारा गेल्यापास्नं तू प्रार्थना तरी केलीस का? मी काय आंधळा हाय? डोळं उघडं ठेवून बसतीस तू उपासनेला. मला वाटलं व्हतं, तुला सांगायलाबी लागणार नाय. तू तर आधीच सोडलंयस."

हे तो ओळखून होता आणि वर्षभर बोलला नव्हता.

"बोलत नाय मी त्याच्याशी," ती म्हणाली. "खरं हाय. पर सारा त्याच्याकडं हाय ना? मीच दिली. खड्ड्यात ठेवताना मनात म्हणलं, घे बाबा, संभाळ. आता मीच त्याला सोडून दुसऱ्याच्या दोरीला हात लावला, तर माझी पोर कुणाकडं राह्यली? तिचं कोण मंग तिथं?"

"असं नसतं गं."

"कसं असतं ते तुला ठावं. तू वाचाय शिकलास. मला एवढंच कळतं."

बाहेरून देवूनं हाक मारली. चिंतू गेला.

*

अंगणात भाऊबंद जमले होते. उजेड होता अजून. डोंगराच्या कडेवर ऊन रेंगाळत होतं. बोकडाची दोरी गोमाच्या हातात होती. नवसीनं हात लावला, देवूनं लावला. बुधी पोराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती, दोरी तिच्यापर्यंत नेली. तिनं नुसती बोटं टेकवली; डोळे पोरावरून हलले नाहीत. मग चिंतू पुढं झाला. ज्या हातानं तो रविवारी सगळ्यांना गाण्याचा ठेका धरून देई, त्याच हातानं त्यानं दोरी धरली. मान खाली. कुणीतरी मागून म्हणालं, "आला शेवटी घरी." नवसीनं डोळ्याला पदर लावला.

"जिवले," देवू म्हणाला.

ती आपल्या दारात उभी होती.

"ये गं बाय. एवढा हात लाव. पुन्यांदा कवा सांगणार नाय. तुझा देव तुला, आमचा आमाला."

"भाऊ, मी पोराला उचलून आत्ता बोयसरला निघते," जिवली म्हणाली. "खांद्यावर नेते. बाजूला बसते, त्याचं हगणंमुतणं काढते. माझं रगत काढून घ्या. पर दोरीला हात नाय लावणार."

अंगणातून एकच कलकलाट उठला. नवसी म्हणाली, "स्वतःची पोर खाल्ली, आता ह्यालाबी खायला निघालीस का?" चिंतू दोरी धरूनच उभा राहिला.

देवूनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो अंगण ओलांडून आला. धिप्पाड माणूस, त्याच्या सावलीनं दार भरून गेलं. जिवलीला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. देवू खाली बसला आणि त्यानं तिच्या पायावर डोकं टेकलं. थोरल्या दीरानं, धाकट्या भावजयीच्या.

"माझा एकच हाय गं," तो म्हणाला.

जिवलीनं दाराची चौकट घट्ट धरली. आयुष्यात असा क्षण पुन्हा आला नाही. नंतर कितीतरी वर्षं तिला झोपेत पायावर तो डोक्याचा भार जाणवे आणि ती पाय ओढून घेई. त्या घटकेला तिला देव दिसला नाही, बळ आलं नाही, कुणी कानात बोललं नाही. फक्त ओढ्यापलीकडचा तो लहान खड्डा डोळ्यापुढं होता. हात उचलला की तिथली माती उघडी पडेल, असं तिला वाटलं.

"उठा, भाऊ," ती म्हणाली. "मला नाय जमणार."

देवू उठला. त्याचा चेहरा कोरा झाला होता. "मंग माझ्या घरातलं पाणी तुझ्यावर बंद," तो म्हणाला आणि वळला.

बोकड दिला. एक हात कमी असताना दिला. चिंतू त्या बाजूलाच बसून राहिला, आणि पानावर वाढलेलं त्यानं खाल्लं की नाही, ते जिवलीनं बघितलं नाही. ती आत येऊन बसली.

*

सकाळी फटफटलं तेव्हा कुडावर कुणीतरी नख ओढल्यासारखा आवाज झाला. बुधी दाराशी होती, कडेवर रामू. रात्री ताडी पिऊन पुरुष माणसं अंगणात पडली होती. नवसीचा डोळा लागला होता.

"चल," बुधी म्हणाली.

"बाय, भाऊ तुला..."

"त्याचा श्वास बघ कसा लागलाय. चल म्हणते ना!"

जिवलीनं पोराला खांद्यावर घेतलं. दोघी मळ्यामळ्यानं निघाल्या. भात पिवळं पडलं होतं, दवानं लुगडी गुडघ्यापर्यंत भिजली. बुधी पुढं धावत होती, मध्येच थांबून मागं बघत होती. पोराचं कपाळ जिवलीच्या गळ्याला चिकटलं होतं, आणि तिथं चटका बसत होता.

बेटेगाव मागं पडलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपले ओठ हलताहेत. वर्षभर गप्प असलेली ती बोलत होती. मास्तरांसारखं नाही, चिंतूसारखं नाही. "ह्याला नको," ती म्हणत होती. "माझी घेतलीस, मी गप बसले. ह्याला नको नेऊस. ही बाई मरंल. ऐकतोस का? ह्याला नको."

रस्त्याला लागल्यावर तारापूरहून बोयसर स्टेशनाकडे जाणारा एक रिकामा ट्रक थांबला. डोक्याला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर म्हणाला, "बैठो माई, जल्दी बैठो." बोयसरच्या डॉक्टरनं अजून दवाखाना उघडला नव्हता; ड्रायव्हरनंच दार ठोठावून त्याला उठवलं. डॉक्टरनं रामूला टेबलावर घेतलं, पापणी वर केली, मान पुढं वाकवून बघितली, ती वाकेना. तो घाईनं सुई भरायला लागला. सुई दिली. दुसरी भरत होता तेव्हा रामूनं एकदा लांब श्वास घेतला आणि सोडला. पुढचा घेतला नाही.

डॉक्टर थोडा वेळ छाती दाबत राहिला. मग थांबला.

बुधी रडली नाही. ती म्हणाली, "काल आणला असता तर?"

डॉक्टर कोपऱ्यात गेला आणि खूप वेळ हात धूत राहिला.

*

परत येताना बुधीनं पोराला कुणाला दिलं नाही. पाड्यावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. घरात पोर नाही, म्हणून आधीच आरडाओरडा झाला होता. त्या दोघी दिसल्यावर सगळा पाडा ओढ्याकाठी धावला. पुढचं जिवलीला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. देवूनं बुधीच्या हातातून पोराला घेतलं आणि तो मटकन खाली बसला. नवसीनं कपाळ जमिनीवर आपटलं. कुणीतरी जिवलीच्या केसांना धरून ओढलं, आणि कुणीतरी सोडवलंसुद्धा.

रामूला मूठमाती दिल्यावर अंगणात माणसं बसली. आदल्या दिवशीचं रक्त अजून मातीत काळं दिसत होतं.

"गोमानं सांगितलं व्हतं," नवसी म्हणाली. "एक हात कमी नको. कुणाचा कमी पडला, सगळ्यांनी बघितला. ही भुताळी हाय. हिनं उचलून नेला आन वाटंवर संपवला."

चेटकीण ठरवणाऱ्या त्या शब्दापायी पलीकडच्या डोंगरात एका बाईचा जीव गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिवलीनं बुधीकडे बघितलं. 'चल' मीच म्हणाले, माझं पोर मीच तिच्या खांद्यावर दिलं, एवढंच बुधीनं सांगायचं होतं. बुधी खांबाला टेकून बसली होती. तिनं मान खाली घातली आणि वर केली नाही.

बोलला तो गोमा. "दाण्यांनी हे नाव घेतलं नाय," तो म्हणाला. "मी हिला भुताळी म्हणणार नाय, नवसे. माझ्या तोंडात ते घालू नको."

"मंग माझा का मेला?" देवू ओरडला.

"मला ठावं नाय," गोमा म्हणाला, आणि त्याच्या बारीक आवाजात पहिल्यांदाच म्हातारपण ऐकू आलं.

भाऊबंदांनी बराच वेळ कुजबुज केली. शेवटी ठरलं ते असं: जिवलीनं हिरव्यापुढं कोंबडं द्यावं, दोरीला न लावलेला हात आता जमिनीला लावून चुकले म्हणावं. म्हणणार असेल तर घरात राहू दे. नसेल तर तिनं आजच्या आज पाडा सोडावा.

चिंतू उठून तिच्याजवळ आला. एका रात्रीत त्याचे गाल आत गेले होते. "म्हण गं," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. मी हात लावलाच ना? मेलो का मी?"

जिवलीनं त्याच्याकडे नीट बघितलं. तिला त्याचा राग आला नाही. सारा गेली तेव्हा तो जे गाणं म्हणाला ते खोटं नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्या गाण्यानं त्याला त्या खड्ड्यापर्यंत आणलं होतं आणि तिथंच सोडलं होतं.

"मी सकाळी वाटंवर त्याच्याशी बोलले," ती हळूच म्हणाली. "वरसानं. नको नेऊ म्हणलं. त्यानं ऐकलं नाय."

"मंग? मंग अजून कशाला धरून बसलीस?"

"दुसऱ्या कुणाशी भांडू?" जिवली म्हणाली. "ज्यानं ऐकलं नाय त्याच्याशीच भांडाय पायजे ना? त्याला सोडून गेले तर भांडाण तरी कुणाशी करू?"

चिंतूला हे कळलं की नाही, तिला सांगता आलं नसतं. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रामूला मीच खांद्यावर नेला. माझा जीव देऊन तो आला असता तर दिला असता. पर मी चुकले म्हणणार नाय."

मग ती आत गेली. दोन लुगडी, एक घोंगडी. बाहेर आली तेव्हा चिंतू तिथंच उभा होता.

"येतोस?"

त्यानं देवूकडे बघितलं. देवू मातीत बसून स्वतःच्या पंजांकडे बघत होता.

"दादाला आता कसा सोडू?" चिंतू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "तू मास्तराकडं जा. मी येतो. थोडं दिस जाऊ दे, मंग येतो."

"ये," जिवली म्हणाली. येईल असं तिला वाटलं नाही.

*

ती ओढ्यापाशी उतरली तेव्हा मागून पावलं आली. बुधी होती. रिकामा हंडा कमरेवर, पाण्याला निघाल्याचं निमित्त. धापा टाकत ती समोर येऊन उभी राहिली.

"मी बोलले नाय," ती म्हणाली.

"नाय बोललीस."

"बोलले असते तर मलाबी... मला जायाला जागा नाय, जिवले. माझी आय मेली, भाऊ विचारत नाय."

"ठावं हाय बाय."

बुधी जायला वळली, पण गेली नाही. ओढ्याच्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं, "माझ्या पोराला तुमचं पाणी लागलं नव्हतं. नाव दिलं नव्हतं तुमच्यात. तुझा देव घेईल का त्याला?"

चंद्रभान मास्तर असते तर त्यांनी विचार करून उत्तर दिलं असतं. चिंतूनं काहीतरी वाचलेलं सांगितलं असतं. जिवलीला यातलं काहीच येत नव्हतं. तिच्या गळ्याला अजून तो चटका होता, जिथं रामूचं कपाळ टेकलं होतं.

"घेईल," ती म्हणाली.

"तुला काय ठावं?"

"नाय घेतला तर मी भांडेन त्याच्याशी. रोज भांडेन."

बुधीनं तिच्याकडे बघितलं. सकाळपासून कोरडे राहिलेले तिचे डोळे एकदम भरून आले. तिनं हंडा पाण्यात टाकला आणि ओणवी होऊन, पाठमोरीच, म्हणाली,

"भांड मग. चांगली भांड. सोडू नको त्याला."

हंडा बुडबुडत भरू लागला. जिवलीनं घोंगडी डोईवर घेतली आणि ती बेटेगावच्या वाटेला लागली.